विमानाचं पोट

साहेब, विमान तुम्ही चोरलंत. जप्त केलं, ताब्यात घेतलं, जनहितार्थ हलवलं, हे सगळे तुमच्या कागदावरचे शब्द. आमच्याकडे दुसऱ्याची कोंबडी उचलून नेली तर त्याला चोरी म्हणतात. आणि तीच कोंबडी चौकात टांगून खाली स्वतःचं नाव लिहिलं तर त्याला काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण ते छापता येत नाही.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. घाबरून नव्हे. माळशिंगीतल्या इतक्या भिंतींवर मी ते रंगवलंय की आता लिहायचा कंटाळा आलाय.

तुम्हाला विमान फक्त वरून ठाऊक. मी खालून सांगते.

तोडकर अण्णांनी मला बोलावणं धाडलं ते चातुर्मासात. ‘आशीर्वाद मंगल कार्यालय’ त्यांचंच. मला वाटलं, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील, कमानीला रंग द्यायचा असेल. डबे सायकलला अडकवले आणि गेले. आत पाय टाकला तर हॉलमध्ये, पंगती बसतात त्या जागी, एक पांढरं धूड आडवं पडलेलं. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथं दोन लांबच लांब पंख. आणि कमळाकाकू, अण्णांची बायको, त्यातल्या एका पंखाला कपड्यांची इस्त्री फिरवत होत्या.

“काकू, हे काय?”

“माझी सवत,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “साडी नेसवतेय तिला. आधी हात धुऊन ये. कापडावर डाग पडला तर तुझे अण्णा मला घराबाहेर काढतील.”

अण्णा धुडाच्या पोटाखालून सरपटत बाहेर आले. केसात भुसा, कानावर पेन्सिल. “सगुणे, इस्त्रीनं कापड आवळतंय, सांगाड्यावर ढोलासारखं ताणून बसतंय. टिचकी मारून बघ.”

मारली. खरंच ढोलासारखं वाजलं.

अण्णांची उभी नोकरी हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात गेली. दुसऱ्यांनी उडवायची, यांनी पुसायची. पुढच्या खुर्चीत बसायचा हुकूम कधी आला नाही. निवृत्तीनंतर कार्यालय काढलं, बस्तान बसलं, आणि मग परदेशातून मोठमोठ्या पेट्या आल्या. गावाला वाटलं तोडकर पीठगिरणी टाकतोय. पेट्यांत विमान होतं, सुटं. एका माणसाचं. घरी बसून जोडायचं, रंगवायचं, परवानगी काढायची आणि उडायचं. लग्नं असली की हॉल लग्नाचा, मुहूर्त संपले की विमानाचा. अशी त्याची जोडणी सणावारांच्या मधल्या फटींत चाललेली.

“रंग तू द्यायचास,” अण्णा म्हणाले.

मी ट्रक रंगवते. माझा बाप ट्रक रंगवायचा, त्याच्यामागं मी. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर ट्रकच्या फाळक्यावर शिकले, आणि ते कुठल्याही मास्तरापेक्षा सरळ आहे. आमची रीत अशी: आधी लांबी भरायची, म्हणजे खड्डे लिंपायचे, मग घासायचं, अस्तर द्यायचं, मग रंगाचे हातावर हात. जाड. ड्रायव्हरनं चिखलात लोळवला तरी ट्रक नवरीसारखा दिसला पाहिजे. मी लांबीचा डबा उघडला तशी अण्णांनी माझं मनगट धरलं.

“हे उडायचंय गं बये. लोळायचं नाही.”

मग त्यांनी माझ्या रंगाचा डबा भांडारातल्या तराजूवर ठेवला. ज्यावर आचारी साखर तोलतो त्यावर. एक पातळ हात मारून झाला की परत डबा तराजूवर.

“अण्णा, रंगाला कोण तोलतं?”

“रंगाला वजन असतं. शेपटीवर जास्त झालं की विमानाचं नाक वर, आणि मी खाली.”

“बरं, निदान मागं एक मोर काढू? नाहीतर ‘बघतोस काय’ असं काहीतरी?”

“आभाळात माझ्या मागनं कुठला ट्रक येणारे वाचायला?” अण्णा हसले. मग पोटावर हात फिरवत म्हणाले, “मागनं नाही, पुढनं नाही. विमान लोक खालून बघतात. विमानाचं तोंड त्याच्या पोटाला असतं. पोट नीट रंगव.”

तर मी पोटापासून सुरुवात केली. आणि बापानं शिकवलेल्या सवयीनं लाल पट्टा ओढला. ट्रकच्या मागच्या फाळक्याला मारतात तो लाल, स्वस्तातला, भडक. काकूंनी वाकून बघितलं.

“काय गं हे? विमान बाळंत झाल्यासारखं दिसतंय.”

अण्णांना पांढरंच पोट हवं होतं. मी वर पांढऱ्याचा हात मारला. सकाळी बघते तर गुलाबी. दुसरा हात मारला. दुपारी पुन्हा गुलाबी. हा लाल तसाच आहे. वर काहीही फासा, तो हळूहळू झिरपत वर येतो. ट्रकवाल्यांना चालतं, ते लालावर पांढरा कधी मारतच नाहीत. अण्णा तराजूकडं बघून कळवळायला लागले. “पोटाचं वजन वाढवायला लागलीस तू! काढ ते.” शेवटी काकूंनी तेवढं कापड कापलं आणि नवं ठिगळ लावून परत इस्त्री केली.

“नणंदेसारखा आहे हा रंग,” त्या म्हणाल्या. “दाबला की बोलतो.”

साहेब, तुम्ही विमान पहिल्यांदा बघितलंत ते एका लग्नात. मुहूर्त नसतानाही एक लग्न लागलं. भटजींनी काढीव मुहूर्त दिला होता. घाईचं कारण पुढं बारशाला सगळ्यांना कळलंच. हॉल मोकळा करायला वेळ नव्हता, म्हणून अण्णांनी पंख भिंतीला टेकवले, धूड कोपऱ्यात सरकवलं आणि काकूंनी त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या. वऱ्हाडाला वाटलं सजावट आहे.

तुम्ही आशीर्वाद द्यायला आलात आणि नवरा-नवरीला सोडून सरळ विमानात चढून बसलात. फोटोवाला तुमच्याकडे पळाला. नवरदेव हार हातात घेऊन उभा. मग तुम्ही आतूनच माइक मागवलात. “आपल्या मातीतला माणूस विमान बनवतोय! याच्या परवानगीची जबाबदारी माझी!” लोकांनी उरलेल्या अक्षता तुमच्यावर उधळल्या. नवरीच्या वाट्याला त्यातल्या किती आल्या देव जाणे.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिल्लीच्या ऑफिसानं त्यांना कळवलं होतं, की आधी तुमच्या भागातल्या अधिकाऱ्यांची ना-हरकत आणा, मग आमचा माणूस येऊन विमान तपासेल आणि मगच उडता येईल. इथले अधिकारी तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून ती ना-हरकत तुमच्या टेबलावर होती. एका सहीची गोष्ट. गावाबाहेरचा माळावरचा सरळ पट्टा अण्णांनी चालून चालून गुळगुळीत केला होता.

मग अण्णांचे सोमवार सुरू झाले. बाजारचा दिवस. इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्या ऑफिसात जायचं आणि विचारायचं, “आमच्या परवानगीचं काय झालं?” एवढंच. आवाज चढवायचा नाही, टेबलावर हात आपटायचा नाही. मीही दोनदा बरोबर गेले.

“साहेब दौऱ्यावर आहेत,” कारकून म्हणायचा.

“कधी येतील?”

“विमानानं गेलेत. तुम्हालाच दिसतील आधी.” मग सगळं ऑफिस हसायचं. अण्णाही हसायचे, आणि पुढच्या सोमवारी परत. पुढं पुढं तर त्यांना फाटकात बघितलं की शिपाईच त्यांच्या आवाजात ओरडायचा, “आमच्या परवानगीचं काऽय झालं?” आठवडी बाजारातली पोरंटोरंसुद्धा अण्णांच्या मागं तेच म्हणायला लागली.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा तुमचा झेंडे आला. तुमच्या गाडीचं दार उघडतो तो. हॉलमध्ये येऊन त्यानं काकूंकडं चहा मागितला आणि मला म्हणाला, “पेंटरीणबाई, दोन्ही पंखांवर साहेबांचं नाव टाका. मोठ्ठं. खालून वाचता यावं असं. वाढदिवसाला विमानातून फुलं टाकायची साहेबांच्या अंगावर. मग परवानगी काय, घरपोच.”

अण्णा तेव्हा पंखाच्या खिळी घट्ट करत होते. “पहिल्यांदा उडंल तेव्हा मी एकटा असणार. फुलं-बिलं नाही. नाव तर नाहीच.”

“अण्णा, असं काय करताय? नावाला काय वजन असतंय का?”

“असतं,” अण्णा म्हणाले. “मी तोलून बघितलंय. तुमच्या साहेबांच्या नावाला दोन डबे रंग लागेल. एवढं ओझं घेऊन हे जमीन सोडायचं नाही.”

काकू कप विसळता विसळता फिसकन हसल्या. मीही हसले. झेंडे हसला नाही. चहा तसाच ठेवून गेला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, की फुकटचा चहा टाकून जाणारा माणूस परत येतो तो एकटा येत नाही.

आला तो ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पोलीस घेऊन. विनापरवाना विमान बाळगल्याबद्दल जप्ती. म्हणजे परवानगी तुमच्याकडं अडकलेली, आणि ती नसल्याचा गुन्हा आमच्यावर. माणसं हॉलमध्ये शिरली आणि त्यांनी धूड उचललं, पंख उचलले. अण्णा मधे उभे राहिले. एका पोलिसानं त्यांना अगदी अलगद, बापाला धरावं तसं धरून बाजूला नेलं. तेच फार वाईट दिसलं. धक्का मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

“पूर्ण विमान आहे ना हे?” झेंडेनं विचारलं.

“डोळं नाहीत का तुला?” काकू म्हणाल्या. “तोंड हाय, शेपूट हाय, दोन पंख हायत. अजून काय चिमणीला असतं?”

झेंडेला पटलं. ट्रॉली गेली. काकू स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, आणि मग पदर तोंडात धरून रडल्या आणि हसल्या, दोन्ही एकदमच. रंगाचं काम चालू होतं म्हणून इंजिन काढून ठेवलेलं होतं. त्यावर लग्नातल्या भाताचं सगळ्यांत मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. विमान जप्त करायला आलेल्यांपैकी एकालाही विमानाला इंजिन असतं हे आठवलं नाही, साहेब. तुमची निवड चांगली आहे.

पुढं काही महिने विमान तुमच्या ऑफिसच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं. आणि मग झेंडे माझ्या दुकानात उगवला. स्टँडजवळच्या चौकाचं सुशोभीकरण निघालं होतं. लोखंडी खांब उभा करून वर विमान बसवायचं. बाजूनं तुमचं नाव, खाली चौथऱ्यावर ‘भरारी’ असं काहीतरी. रंगवायचं कुणी? पंखाच्या कापडाला हात लावायला तालुक्यातला दुसरा पेंटर तयार नव्हता. फाटलं तर गळ्यात यायचं.

मी हो म्हणाले.

ही बातमी कार्यालयापर्यंत पोचायला मला सायकलवरून जायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ लागला. अण्णा दारातच उभे होते.

“तुझ्या बापानं जन्मभर ट्रक रंगवले सगुणे, पण चोराचा नाही रंगवला.”

“चोरांचेच रंगवले अण्णा. प्रामाणिक माणसाकडं ट्रक कुठनं येणार?”

ते हसले नाहीत. दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर असं लागलेलं ते त्या घराचं पहिलं दार. मी मागनं गेले. काकू भांडी घासत होत्या. त्यांच्याशी माझं काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना आणि मला ठाऊक. एवढं सांगते की त्यांनी लग्नाच्या मांडवाचं सगळ्यांत मोठं कापड काढून दिलं, आणि म्हणाल्या, “डाग पडला तरी चालंल.”

शेडमध्ये काम सुरू केलं. दार लावून घ्यायची, कारण ओल्या रंगावर धूळ बसते. झेंडे अधनंमधनं डोकवायचा.

“बाजूनं चकाचक कर. साहेब मंचावरनं बघणार, मंच उंच आहे. नाव झळकलं पाहिजे.”

“झळकंल. आणि खालून?”

“खालून कोण बघतंय?”

“खालून रंग नसला तर पावसानं कापड कुजंल. वर्षात लोंबायला लागंल.”

“मग मार काय मारायचं ते. डोकं नको खाऊ.”

तुमचं नाव मी मन लावून काढलं, साहेब. सोनेरी कड, निळी सावली. मग ट्रकखाली शिरतात तशी पाठीवर आडवी होऊन विमानाखाली शिरले. दुपारी आवारातली सगळी माणसं जेवून डुलक्या काढत होती. रंग नाकात ठिबकत होता. डबा मात्र मी तोलत होते. नवा तराजू कुठला आणणार? हातानंच.

काम संपलं तेव्हा सगळं विमान काकूंच्या कापडात बांधलं. “रंग ओला आहे,” झेंडेला बजावलं, “उद्घाटनापर्यंत कापड काढलंस तर साहेबांचं नाव कापडाला चिकटून येईल, आणि मग माझ्याकडं यायचं नाही.” क्रेननं तसंच बोचकं वर चढवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सगळा चौक भरला. बँड, शाळेची पोरं, स्टँडवरचे प्रवासी. काकूंनी अण्णांना हाताला धरून आणलं होतं. ते येतच नव्हते. चेहरा दुसऱ्याच्या मयताला आल्यासारखा. माझ्याकडं बघितलं नाही.

तुम्ही उंच मंचावर. बराच वेळ बोललात. तालुक्यातल्या तरुणांची स्वप्नं, आकाश ठेंगणं, वगैरे. मग दोरी ओढलीत. कापड सुटलं आणि बँडवाल्यांच्या डोक्यावर पडलं. तुम्हाला समोर दिसलं तुमचं नाव, सोनेरी कडेचं. तुम्ही टाळ्यांची वाट बघितलीत.

टाळ्या आल्या नाहीत. सगळा चौक माना वर करून विमानाचं पोट बघत होता.

आधी एक म्हातारी शेजारच्या पोराला म्हणाली, “काय लिव्हलंय रं?” पोरगं जोरात, शाळेत वाचतात तसं वाचायला लागलं. दुसऱ्या पोरांनी सूर धरला. त्यांना ते पाठच होतं, बाजारात अण्णांच्या मागं ओरडून ओरडून. मग प्रवासी, मग बँडवाले कापडाखालून डोकी काढून. या पंखापासून त्या पंखापर्यंत, फाळक्याच्या लाल रंगात, माझ्या सगळ्यांत सरळ अक्षरात:

आमच्या परवानगीचं काय झालं?

चौक नुसता दणाणला. आणि तुम्ही, साहेब, तुम्हाला वाटलं तुमचाच जयजयकार चाललाय. तुम्ही हात हलवलात. लोक अजून जोरात ओरडले. तुम्ही दोन्ही हात हलवलेत. शेवटी झेंडे मंचावरून खाली उतरला, खांबाखाली गेला आणि त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा मी कुठल्या ट्रकवर काढला असता तर लोकांनी दृष्ट लागू नये म्हणून काढलाय असं समजलं असतं.

अण्णा अजून वर बघत होते. मी बाजूला जाऊन उभी राहिले. शिव्या देतील, रडतील, काही तरी करतील. ओठ हलत होते त्यांचे. वाचत होते. परत परत. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं,

“सगुणे, पातळ मारलायस ना?”

“पातळच मारलाय अण्णा.”

“शेपटीकडं जास्त गेला नाही ना? उडताना त्रास देईल.”

काकूच म्हणाल्या, “नाही गेला. तोलून मारलाय तिनं.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही परगावचा पेंटर आणून पोट पांढरं केलंत. माझं दुकान अतिक्रमणात काढलंत, त्याबद्दल काही म्हणत नाही. ट्रक कुठंही उभा राहतो. पण ऊन पडल्यावर पांढऱ्यातून गुलाबी फुटलं. पुन्हा पांढरा मारलात. पुन्हा गुलाबी. आज किती वर्षं झाली, दर सव्वीस जानेवारीला तुमची माणसं शिडी लावतात, आणि होळीपर्यंत अक्षरं परत वाचता येतात. नव्या पेंटरांना कारण कळत नाही. मला कुणी विचारत नाही.

अण्णा आता काठी घेऊन चालतात. सोमवारी चौकातल्या चहाच्या गाडीवर बसतात आणि तुमच्या पांढऱ्या हातांचं वजन मनात धरतात. म्हणतात, “फार जड केलं यांनी. कापड सगळं बदलावं लागंल. सांगाडा चांगला आहे.” इंजिन कार्यालयात आहे. उन्हाळ्यातल्या लग्नांत ते चालू करतात, पुढं पंखा लावलेला. गरमीनं बेजार झालेल्या पंगतीला वारा लागतो, पत्रावळी उडून व्याह्याच्या मांडीत जातात, आणि अण्णा कान लावून इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहतात.

तुम्ही आता मोठ्या खुर्चीवर आहात. चौकातून जाता तेव्हा गाडीच्या काचा काळ्या असतात. एकदा काच खाली घ्या. मान वर करा. इंजिन आमच्याकडं आहे, पंख तुमच्याकडं आहेत, माळावरचा पट्टा अजून मोकळा आहे, आणि माणूस अजून जिवंत आहे.

वाचता येतंय ना? मग उत्तर द्या, साहेब. आमच्या परवानगीचं काय झालं?